पायलट पॅरलल पेन, मारुतीची नावं आणि क्लायंट नसलेलं काम

आधी मुद्द्याचं सांगते, कारण रिव्ह्यू वाचायला आलेल्या माणसाला माझ्या आयुष्याशी काही देणंघेणं नसतं. पायलट कंपनीचा पॅरलल हा कॅलिग्राफीचा पेन चांगला आहे, देवनागरीसाठी चालतो, पण हातात घेतल्या घेतल्या नाही. त्याच्याशी थोडं झगडावं लागतं, आणि झगडायची तयारी तेव्हाच होते जेव्हा या पेननं लिहायचं असं तुमचं स्वतःचं काहीतरी असतं. नुसतं 'कॅलिग्राफी शिकायचीय' म्हणून घेतलात तर तो ड्रॉवरमधे जाणार. माझ्या ओळखीत असे बरेच पेन ड्रॉवरमधे पडलेत आणि सगळे डिझायनर लोकांचेच आहेत, म्हणजे बघा.

मी यूआय डिझायनर. ऑफिस बाणेरला, काम म्हणजे पैसे पाठवायच्या अ‍ॅपच्या स्क्रीन. काम आवडतं मला, रडगाणं नाहीये हे, पण आमच्या धंद्यात केलेलं काहीच शेवटपर्यंत आपलं राहत नाही. प्रॉडक्टवाले बदलतात, मग डेव्हलपर त्याच्या सोयीनं बदलतो, मग लीगलची एक लांबलचक ओळ मधेच येऊन बसते, आणि वर्षभरानं तीच स्क्रीन उघडली की यात माझं नक्की काय होतं तेच आठवत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला काय आवडतं हेही हळूहळू विसरायला होतं, कारण कोणी विचारतच नाही ना. 'यूजर काय म्हणतो', 'डेटा काय म्हणतो', 'फाउंडरना काय वाटतं', सगळ्यांचं विचारून होतं, मग तुझं काय? तर माझं काही नाही, मी फाइल अपडेट करते.

म्हणून एक काम काढलं, ज्यात कोणाला काही विचारायचं नाही. पुण्यातल्या देवांची नावं. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटतं आपण फेकतोय. आपल्याला मात्र 'सोन्या मारुतीपाशी उतर' असं लहानपणापासून ऐकून ऐकून ही नावं कानातच असतात, डोळ्यांनी कोण बघतंय. एकदा सगळी एकाखाली एक लिहून काढली तेव्हा दिसलं की जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तोच 'या' आणि त्याच्या आधी बहुतेक वेळी वेगळं अर्धं अक्षर. ब्या, न्या, ल्या, त्र्या, ड्या, ग्या, ण्या. जोडाक्षरांचा अख्खा अभ्यासक्रम पेठांमधे वाटून ठेवलाय आणि आपण त्याच्यासमोर गाडी लावून भाजी घेतोय. ठरवलं, प्रत्येक नाव एका कागदावर, पेननं, कॉम्प्युटर नाही. आणि मग पेन शोधायला लागले.

आता पेन. नेहमीच्या कॅलिग्राफी निबला मधे चीर असते. याला चीर नाही, धातूच्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींना समांतर बसवल्यात आणि मधल्या फटीतून शाई उतरते, म्हणून पॅरलल. मूळ साइज चार, १.५, २.४, ३.८ आणि ६ मिमी, टोपणाच्या रंगावरून ओळखायचे, अनुक्रमे लाल, केशरी, हिरवा, निळा. नंतर ३ आणि ४.५ मिमी पण आलेत. डब्यात एक काळी आणि एक लाल कार्ट्रिज मिळते, निब धुवायला छोटा रबरी फुगा, आणि एक पातळ प्लास्टिकचा तुकडा, जो बघून तुम्हाला वाटेल पॅकिंगमधलं काहीतरी राहिलंय. टाकू नका तो! दोन पट्ट्यांच्या मधे कचरा अडकला की तोच घालून काढायचा असतो.

मी अप्पा बळवंत चौकातून घेतला. ऑनलाइन पण मिळतो, पण एका ऑनलाइन विक्रेत्यानं मैत्रिणीला फोडलेला डबा पाठवला होता, आत कार्ट्रिज एकच, आणि परत करायला तिची जी दमछाक झाली ती बघून मी गाडी काढली आणि चौकात गेले. तिथं पार्किंग मिळणं ही वेगळीच साधना आहे, त्याबद्दल इथं बोलत नाही. दुकानातल्या काकांनी न विचारताच सांगितलं, "मराठी लिहायचं असेल तर तीन-आठ घ्या, सहावाला पोरं हौसेनं नेतात आणि शाई संपली की परत येतात." शंभर टक्के बरोबर सल्ला. ६ मिमीचा पेन इतकी शाई ओढतो की पोस्टरच्या आकाराची अक्षरं काढायला बसलात तर कार्ट्रिज बघता बघता रिकामी. १.५ मधे जाड-बारीकचा फरक जेमतेम दिसतो, सुरुवातीला काय चुकतंय तेच कळत नाही. ३.८ मधे सगळं दिसतं, चुका तर फारच छान दिसतात.

खरी गंमत आणि खरी डोकेदुखी कोनाची. हा पेन सरळ कापाचा आहे आणि रोमन लिहिणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला तो लगेच वश होतो. रोमनमधे डावीकडून उजवीकडे खाली येणारी तिरकी रेघ जाड आणि तिच्या उलटी रेघ बारीक. देवनागरीत बरोब्बर उलटं. म्हणूनच बोरूच्या लेखणीचं टोक तिरकं कापतात, तो काप आपल्याऐवजी कोन सांभाळतो. इथं काप नाही, त्यामुळे कोन मनगटानं सांभाळायचा. कोपर अंगाजवळ, मनगट वळवलेलं, आणि कागदाचं वरचं टोक डावीकडे कलवलेलं. सुरुवातीला खांदा भरून येतो. पण एकदा ४५ अंशाचा कोन लागला की एक गोष्ट आपोआप होते: शिरोरेषा आणि उभा काना सारख्याच जाडीचे येतात. ही तुमची परीक्षा समजा. शिरोरेषा बारीक आणि काना जाड आला, किंवा उलट, तर कोन हललाय, पेनला दोष देऊ नका.

आमच्या टीममधे एक डावखुरा मुलगा आहे, अक्षर इतकं वाईट की स्टँडअपच्या, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगच्या, नोट्स त्याच्याकडून कोणी घेत नाही. त्यानं सहज पेन उचलला, 'मारुती' लिहिलं, आणि कोन पहिल्या फटक्यात बरोबर! डाव्या हातात हा निब आपोआप देवनागरीच्या कोनात बसतो. मला इतका राग आला काय सांगू. डावखुऱ्या लोकांनो, आयुष्यभर कात्र्या आणि बाकड्यांनी तुम्हाला छळलंय, हा एक पेन तुमच्या बाजूचा आहे, डोळे मिटून घ्या.

अजून एक चांगलं म्हणजे पट्टीचा नुसता कोपरा टेकवून अगदी केसासारखी रेघ काढता येते, वेगळा पेन लागत नाही. आणि अनुस्वार! पेन टेकवून किंचित ओढला की शंकरपाळ्यासारखा नेटका चौकोन. निवडुंग्यातला तो एक अनुस्वार मी इतक्यांदा काढलाय की आता फोनवर बोलताना पण कुठल्याही कागदावर तेच काढत बसते.

'पासोड्या'नं मात्र घाम काढला. ब, न, ण, ग यांना शेवटी काना आहे, तो काढला की अर्धं अक्षर तयार आणि पुढे य लावून मोकळं. ड ला काढायला कानाच नाही! मग ड पूर्णच ठेवायचा आणि य ला त्याच्या पोटाशी बिलगवायचा, आणि तो य सुद्धा नेहमीचा राहत नाही, थोडं वेगळं रूप घेतो. टाइप करताना हे फॉन्ट करून देतो, आपल्याला कळतही नाही. हातानं काढताना ड चं पोट किती पुढे आणायचं, य नं कुठं शिरायचं, शिरोरेषा दोघांवरून एकच जाऊ द्यायची का, हे प्रत्येक वेळी आपणच ठरवायचं असतं. एका रविवारी मी नुसता 'ड्या' काढत बसले होते आणि आई येऊन म्हणाली, "अगं, ऑफिसचं आहे का?" नाही म्हटल्यावर तिचा जो चेहरा झाला तो सांगण्यासारखा नाही.

'डुल्या'ची वेगळीच भानगड. पानिपतच्या वेळी मूर्ती डुलली म्हणून डुल्या, अशी आख्यायिका. साहजिकच पहिली आयडिया काय? अक्षरं डुलवायची. डुलवली. दिसायलाही छान दिसत होती, टाकली असती तर लाइक पण आले असते. पण भिंतीवर लावून रोज येता-जाता बघितल्यावर तो विनोद दोन दिवसांत शिळा झाला, हे म्हणजे बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरच्या पाटीतल्या अक्षरांवर बर्फ काढतात तसं झालं. कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींमधे जी नावं काढली त्यात नाव वाचता वाचताच नाटकाची जातकुळी कळायची, पण शब्दाचं चित्र काढलंय असं वाटायचं नाही. ते किती कठीण असतं हे स्वतः एक नाव हातात घेतल्याशिवाय नाही कळत. शेवटी मी सगळं सरळ ठेवलं आणि फक्त 'ल्या'चा तोल किंचित ढळवला. कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतो. हेच काम क्लायंटचं असतं तर पहिलं, डुलणारं व्हर्जनच पास झालं असतं, आणि मी पण खुशीत इनव्हॉइस पाठवलं असतं.

त्याच ल नं मला ऑफिसमधे फायदा करून दिला, ते सांगते, कारण 'अशा कामाचा उपयोग काय' हा प्रश्न येणारच आहे. मराठीतला ल पाकळीचा, हिंदीतला दांड्याचा. शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट लिहिलंय. हे मला माहीत होतं, म्हणजे परीक्षेपुरतं माहीत होतं. पण जिलब्या आणि डुल्या काढून काढून हाताला पाकळीची इतकी सवय झाली की एक दिवस आमच्याच अ‍ॅपच्या मराठी स्क्रीनवरचा ल डोळ्यात खुपला. सगळीकडे दांड्याचा ल! शोधलं तर बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टमधे दोन्ही ल असतात, पण मजकूर मराठी आहे असं सांगणारा भाषेचा टॅग लावल्याशिवाय मराठीचा ल बाहेर येत नाही, आणि आमच्याकडे मराठी मजकुराला टॅग हिंदीचा. डेव्हलपरला सांगितलं, त्यानं बदललं, चहा थंड व्हायच्या आत काम झालं. किती महिने ती स्क्रीन मी रोज बघत होते, दिसलं नव्हतं.

तसंच ओळींच्या उंचीचं. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या बटणात मराठी घातलं की वरून वेलांटी आणि रफार कापला जातो, खालून उकार. आधी मी डेव्हलपरला सांगायचे 'जरा मोठं कर', आणि तो विचारायचा 'किती'. आता किती ते सांगता येतं, कारण अक्षराच्या वर आणि खाली किती जागा लागते ते पेननं पट्ट्या आखून मोजलेलं आहे: निबच्या पाचपट अक्षराची उंची धरली तर वर मात्रेला वेगळी जागा, खाली उकाराला वेगळी. हे कुठल्याही कोर्समधे मला कोणी शिकवलं नाही. खुन्या मुरलीधरनं शिकवलं, त्यात खाली उकार दोनदा आणि वर वेलांटी एकदा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडची जागा एकाच नावात तपासून होते.

पण हे फायदे झाले म्हणून असं काम करा, असं म्हणायला मला जड जातं. फायद्यासाठी म्हणून सुरू केलं असतं तर मी देवांची नावं घेतलीच नसती, लिंक्डइनवर चालेल असं काहीतरी घेतलं असतं. आपल्याकडे आता 'पर्सनल प्रोजेक्ट' म्हणजे पण पोर्टफोलिओचा होमवर्क झालाय. त्याच त्या प्रसिद्ध अ‍ॅपचं न मागितलेलं रीडिझाइन, त्याच त्या जांभळ्या स्क्रीन. मुलाखतीला मुलं येतात तेव्हा मी बघते ना, वीसातल्या पंधरा जणांकडे सारखंच. एक मुलगी पीएमटी बसच्या जुन्या तिकिटांची वही घेऊन आली होती, तिला आम्ही अर्धा तास सोडलंच नाही.

जगात याची उदाहरणं आहेत, ती पण बघण्यासारखी. अमेरिकेतल्या जेसिका हिशनं २००९ मधे रोज एक सजवलेलं अक्षर काढायला घेतलं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि लेटरिंग म्हटलं की तिचं नाव यायला लागलं त्यात त्या कामाचा मोठा वाटा. आपल्याकडे दिल्लीत हनीफ कुरेशीनं रस्त्यावरच्या पेंटर लोकांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायला घेतले, पेंटरच्या नावानंच. फ्लेक्स आल्यावर ज्यांचा धंदा बसला त्यांची अक्षरं निदान कुठंतरी राहिली. २०२४ मधे तो गेला, पण ते काम आहे. आणि बार्सिलोनातून २०१४ मधे सुरू झालेलं ते ३६ दिवसांचं अक्षर-चॅलेंज, त्यात आपल्याकडचे पण खूप जण भाग घेतात, मी पण एका वर्षी घेतला. पण ते २६ रोमन अक्षरं आणि १० आकडे यांचं गणित आहे, आपली जोडाक्षरं त्यात कुठं बसवणार. दुसऱ्याच्या चौकटीत सराव होतो, नाही असं नाही, पण कशावर अडून बसायचं ते तिथं आपण ठरवत नाही.

हो, आणि ऑफिसमधल्या एकानं सुचवलंच, "एआयला सांग ना, दोन मिनिटांत देईल." दिलं बाबा. मागितलं 'पासोड्या विठोबा', सोनेरी, मागे सूर्यकिरणं, फुलं वगैरे भरपूर, आणि 'ड्या'च्या जागी असं काहीतरी जे कुठल्याच बाराखडीत नाही. उद्या तेही बरोबर काढेल, काढू दे. मला नाव मिळवायचं नव्हतं, काढायचं होतं.

कागदाबद्दल थोडं, कारण या पेनचं निम्मं यश तिथं आहे. झेरॉक्सच्या कागदावर शाई पसरते, कडा फुटतात, आणि तुम्हाला वाटतं पेन खराब आहे. जरा जाड, गुळगुळीत, १०० जीएसएमच्या वरचा कागद घ्या. मला हौस होती हातकागदावर लिहायची. शिवाजीनगरला आपली हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, आणि संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी ज्या कागदावर हातानं लिहिली तो हातकागद पुण्यातच तयार झालेला, हे कळल्यावर तर विषयच संपला. दिसतं अप्रतिम. पण खरखरीत हातकागद घेतलात तर त्याचे धागे दोन पट्ट्यांच्या फटीत शिरतात आणि रेघ मधेच दुभंगते. तेव्हा तो प्लास्टिकचा तुकडा आठवा. दाबून गुळगुळीत केलेला कागद मागून घ्या, आधी एकच घेऊन कोपऱ्यात रेघ ओढून बघा, मग बाकीचे.

शाई पाण्यात विरघळणारी आहे. चहाचा कप, घामेजलेला तळहात, पावसात बॅग, सगळ्यापासून जपायचं, आणि काम झालं की लगेच स्कॅन. त्यात इंडियन इंक किंवा अ‍ॅक्रिलिक घालायचा मोह होतो, घालू नका, फट बुजते. फाउंटन पेनची शाई चालते, कार्ट्रिज पायलटचीच लागते, रिकामी झाली की सिरिंजनं भरून परत वापरायची, त्यानं खर्च खूपच आटोक्यात येतो. दोन पेन असतील तर एकाचं टोक दुसऱ्याला टेकवून बघा, एका रंगातून दुसरा रंग निघत जातो. क्लायंटला हे दाखवू नका, मग सगळीकडे तेच मागतील.

पैशाचं: मला एक पेन साडेआठशेला पडला. बोरू त्याच्या मानानं जवळजवळ फुकट, आणि देवनागरीसाठी कापून घेतला तर कोनाची कटकटही नाही. मग हा का घ्यायचा? कारण बोरू दर दोन-तीन अक्षरांनी शाईत बुडवावा लागतो, रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलच्या कोपऱ्यावर अर्धा तास मिळाला की दौत, फडकं, पाणी मांडण्यातच दहा मिनिटं जातात. हा टोपण काढला की सुरू. नोकरी करून वर काही करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. शिकायला मात्र आधी बोरू, हे माझं ठाम मत. बोरूवर हात बसलेल्या माणसाला पॅरलल पेन एका बैठकीत जमतो, उलट्या क्रमानं त्रास होतो.

पाचपैकी चार. एक मार्क कोनासाठी कापला, डावखुरे असाल तर तो परत घ्या. आधी ३.८ घ्या, दुसरा घ्यावासा वाटला तर २.४. सहा नावं झालीत, पत्र्या आणि चिमण्या राहिलेत, आणि पत्र्यातल्या 'त्र्या'मधे र ची ती छोटी तिरकी रेघ या निबनं कशी काढायची, मनगट उलटं फिरवून की कोपऱ्यावर उभं करून, हे कोणाला जमलं असेल तर प्लीज सांगा.